बोट उलटल्यानंतरचा पहिला तास

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संक्रांत जवळ आली की नर्मदेच्या आणि तापीच्या काठावर स्नानासाठी गर्दी होते, आणि हिवाळी सुट्ट्यांत जळगावच्या मेहरूण तलावापासून तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे सहलीला निघतात. पाणी दिसले की होडीत बसावेसे वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र नौकाविहाराची सोय सुरू करताना तिकिटाचा दर ठरतो, ठेकेदार ठरतो, उद्घाटनाचा पाहुणा ठरतो. बोट उलटली तर पुढच्या मिनिटाला कोणी काय करायचे, हे तेवढे ठरलेले नसते. लाइफ जॅकेट आणि प्रवासी क्षमता यांविषयी आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. हे पत्र त्यापुढच्या प्रश्नाविषयी, म्हणजे अपघात घडून गेल्यानंतर काय करावे याविषयी आहे. सरकारी आरोग्य सेवेत परिचारिका म्हणून तापीकाठच्या तालुक्यांत माझी नोकरी झाली. पाण्यातून काढलेली माणसे आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्यावर जे प्रयोग झालेले असत, ते पाहून हे लिहायला हवे असे मला फार पूर्वीपासून वाटत आले आहे.

१५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्याच दिवशी, धडगाव तालुक्यात भूषा गावाजवळ नर्मदेच्या पात्रात भाविकांची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती आणि दगावलेल्यांत लहान मुलेही होती. १८ जानेवारी २०२४ रोजी शेजारच्या वडोदऱ्यात हरणी तलावावर शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. केरळातील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जण गेले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चर्चा होते ती जास्त प्रवाशांची आणि नसलेल्या जॅकेटांची. त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. बुडालेल्यांपैकी कोण वाचणार याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत लागतो, आणि त्या मिनिटांत तेथे आपत्ती दल नसते, डॉक्टर नसतो, तहसीलदार नसतात. असतात ते काठावरचे लोक, शेजारच्या होडीतला नावाडी, मासे धरणारे भोई आणि कोळी बांधव, आणि खुद्द पाण्यात पडलेली माणसे.

पाण्यात पडलेल्यांनी लक्षात ठेवायची पहिली गोष्ट अशी की उलटलेली बोट सहसा लगेच तळाला जात नाही. तिला धरून राहावे, जमल्यास तिच्या पालथ्या अंगावर चढावे आणि काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. धरणाच्या फुगवट्यात अंतराचा अंदाज फार चुकतो, आणि हतनूरसारख्या जलाशयात काठाजवळ गाळ, जलपर्णी व मासेमारीची जाळी यांत पट्टीचे पोहणारेही अडकतात. जॅकेट घातलेले असेल तर गुडघे पोटाशी घेऊन, हात छातीशी धरून स्वस्थ तरंगावे. तिघे-चौघे असतील तर एकमेकांना धरून, लहान मुलांना मध्ये घेऊन राहावे. त्याने अंगातील ऊब टिकते आणि शोधणाऱ्यांनाही माणसांचा घोळका एकट्या डोक्यापेक्षा लवकर दिसतो. जे ओरडत आहेत त्यांचा श्वास चालू आहे. बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकतच नाही, म्हणून मदतीला जाणाऱ्याने गप्प झालेल्याकडे आधी पाहावे. आणि बोट पालथी झाली असेल तर तिच्याखाली कोणी अडकले आहे का, हे शेजारच्या नावाड्याने आधी पाहून घ्यावे.

काठावरच्या माणसाने पाण्यात उडी मारू नये, हे सांगताना मला जड जाते, कारण आपल्याकडे उडी मारणाऱ्याला शूर म्हणतात आणि काठावर थांबणाऱ्याला भित्रा. तरीही सांगते. मे २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच उलटली आणि आपल्या धुळ्याहून गेलेल्या त्या पथकातील तीन जवानांना वीरमरण आले. ती प्रशिक्षित माणसे होती. जिथे अशी माणसे वाहत्या पाण्यापुढे हरतात, तिथे अंगावरच्या कपड्यांनिशी झेपावणाऱ्या भावाचे किंवा बापाचे काय होणार? बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्यालाच मिठी मारतो आणि एकाऐवजी दोघे जातात. म्हणून आधी हाताला येईल ते लांबवावे, म्हणजे बांबू, वल्हे, काठी, गाठ मारलेल्या साड्या. तेवढ्याने पोहोचत नसेल तर तरंगणारे काही फेकावे, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, प्लास्टिकची घागर, गाडीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, दोर बांधून असेल तर फारच उत्तम. त्यानंतर दुसरी होडी. स्वतः पाण्यात शिरणे हा शेवटचा मार्ग आहे आणि तो ज्याला बुडत्याला मागून धरून आणता येते त्याच्यासाठीच आहे.

हे चालू असतानाच एकाने, आणि ते एकच काम एकाने, फोन करावा. पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. फोनवर गावाचे नाव पुरेसे नसते. कोणत्या काठावर, कोणत्या घाटाजवळ, गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि अंदाजे किती माणसे पाण्यात आहेत, एवढे सांगून समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. रुग्णवाहिका येईल त्या फाट्यावर एक माणूस उभा करावा. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील पाड्यांवर मोबाईलची रेंज मिळतेच असे नाही. तेथे कोणत्या टेकडीवर रेंज येते आणि धावत कोण जाईल हे जत्रेच्या किंवा स्नानाच्या आदल्या दिवशीच ठरलेले असले पाहिजे. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना त्या भागात फिरतो. सणाच्या दिवशी तो नेमका कोठे असेल हे नावाड्यांना माहीत असावे.

आणखी एक फोन आहे, जो खान्देशात फार महत्त्वाचा आहे आणि कोणाला सहसा सुचत नाही. तो जलसंपदा विभागाला. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि खाली तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत. वरून विसर्ग सुरू असेल किंवा होणार असेल तर पाण्याची ओढ काही वेळात बदलते, बुडालेले माणूस दूर वाहून जाते आणि शोधणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. अपघात कळताच दरवाजे चालवणाऱ्यांना तो कळला पाहिजे, म्हणजे शक्य असेल तेथे विसर्ग थांबवता किंवा कमी करता येईल. हा क्रमांक प्रत्येक घाटावर रंगवलेला असावा, ही माझी साधी अपेक्षा आहे.

यानंतर मोजणी. वाचलेल्यांना काठावर एका जागी बसवून नावे लिहून घ्यावीत आणि कोणालाही परस्पर घरी जाऊ देऊ नये. घाबरलेला माणूस मिळेल त्या दुचाकीवर बसून निघून जातो आणि इकडे त्याचा शोध पाण्यात चालू राहतो. उलटही घडते. तिकिटांच्या फाटलेल्या पावत्या मोजून सगळे मिळाले असे जाहीर केले जाते, पण मांडीवरच्या लहान मुलाचे तिकीट काढलेलेच नसते. म्हणून पावत्यांवर विसंबू नये, प्रत्येक कुटुंबाला आपापली माणसे मोजायला सांगावीत. बोटीत बसण्यापूर्वी काढलेले मोबाईलमधले फोटो या वेळी फार उपयोगी पडतात.

आता माझ्या विषयाकडे येते. बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून उलटे टांगणे, खांद्यावर पोटावर टाकून पळणे, हे सारे पोटातले पाणी काढण्यासाठी केले जाते. करणाऱ्यांच्या मनात माया असते, पण मेंदूला प्राणवायू हवा असतो आणि पोटातल्या पाण्याने कोणी मरत नसते. पोट दाबल्याने आतले अन्न वर येते, श्वासनलिकेत जाते आणि उरलीसुरली वाट बंद होते. प्राणवायू तुटल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. ती मिनिटे या खटाटोपात निघून जातात. अलीकडे तर बुडालेल्याला मिठात पुरून ठेवले की तो काही तासांनी जिवंत होतो, असा संदेश मोबाईलवर फिरतो. तो धादांत खोटा आहे. मीठ जमवण्यात घालवलेला वेळ हा वाचू शकणाऱ्या माणसाकडून हिरावून घेतलेला वेळ आहे, आणि असा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

करायचे ते असे. माणसाला सपाट, कठीण जागेवर उताणे ठेवावे, हाक मारावी, छाती हलते का ते पाहावे. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर एका कुशीवर वळवावे आणि सतत लक्ष ठेवावे. श्वास नसेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर डोके मागे झुकवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे आणि गती मिनिटाला १०० ते १२० असावी. ३० वेळा दाबून झाले की २ श्वास, पुन्हा ३०, पुन्हा २. हृदय अचानक बंद पडलेल्या इतर रुग्णाला नुसते छाती दाबणेही मोठा आधार देते, परंतु बुडालेल्याचे हृदय मुळात हवेअभावी थांबलेले असते, म्हणून त्याला श्वास देणे टाळू नये. ज्याला ते जमणारच नाही त्याने निदान छाती दाबत राहावे. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नये. उलटी झाली तर मान नव्हे, सारे अंग कुशीवर वळवून तोंड मोकळे करावे आणि पुन्हा सुरू करावे. दमल्यावर माणसे बदलावीत, पण रुग्णवाहिकेतील कर्मचारी हातात घेईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबू नये. अंग गार लागते म्हणून गेला असे काठावर कोणी ठरवू नये. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

जो वाचला, बोलला, चालत काठावर आला, त्यालाही दवाखान्यात न्यावे. फुप्फुसात थोडे पाणी गेले असेल तर खोकला, धाप, छातीत दुखणे, गुंगी ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात, आणि तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो. सहा ते आठ तास देखरेखीखाली राहणे हिताचे असते. खान्देशातली जानेवारीची थंडी इथल्या उन्हाळ्याइतकीच कडक असते. ओले कपडे उतरवून कोरड्या गोधडीत गुंडाळावे, शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नये, पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात चहा ओतू नये आणि अंगात ऊब येते म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. पोलीस केस आहे म्हणून आधी पोलीस आणा, असे कोणत्याही रुग्णालयाने म्हणू नये. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे आधी, कागद नंतर.

नावाड्याविषयी दोन शब्द. अपघातानंतर जमाव त्याच्यावर धावून जातो, म्हणून पुष्कळदा तो पळून जातो. बोटीत किती जण होते, कोणत्या जागी ती उलटली, तेथे डोह आहे की उथळ, पाण्याची ओढ कुणीकडे आहे, हे त्या घटकेला त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याला मारणे म्हणजे शोधकार्याचा वाटाड्या घालवणे. त्याचा दोष असेल तर तो न्यायालयात ठरेल, आणि तसा तो ठरताना रोजंदारीवरच्या नावाड्याबरोबर ठेका घेणारा आणि परवानगी देणारा यांचीही जबाबदारी तपासली जावी. त्यासाठी पुरावा जागेवर राहायला हवा. बोट रागाने फोडू किंवा जाळू नये, इंजिन हलवू नये, जॅकेट किती होती आणि कोणत्या स्थितीत होती याचे फोटो घ्यावेत, तिकिटाची पावती वा मोबाईलवरून पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी. मृतांची छायाचित्रे मात्र कृपा करून पसरवू नयेत. त्यांच्या आईवडिलांना ती बातमी मोबाईलच्या पडद्यावरून कळते, याहून निर्दय काही नाही.

पोलिसांकडे नोंद करण्याबाबत खेड्यापाड्यांत मोठी नाखुशी असते, आणि शवविच्छेदनाबाबत त्याहून मोठी. गेलेल्या लेकराची चिरफाड नको, हे आईचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे आणि ते ऐकताना उत्तर सुचत नाही. तरी सांगावेच लागते. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर मागे राहिलेल्या कुटुंबाचा हक्क बुडतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि १८ ते ७० वयाच्या खातेदाराच्या अपघाती मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये मिळतात. अनेक घरांना असा विमा आहे हेच माहीत नसते. मृताचे पासबुक काढून २० रुपयांची ती कपात पाहावी आणि ३० दिवसांच्या आत बँकेत दावा द्यावा. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात बुडून झालेला मृत्यू धरला जातो आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

हद्दीचा प्रश्नही येतो. नर्मदेच्या एका काठावर महाराष्ट्र तर पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. तापीवरही एका घाटाचे पोलीस ठाणे वेगळे, समोरच्या घाटाचे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. तेव्हा आमच्याकडे येत नाही असे ऐकून परत फिरू नये. भाडे घेऊन धोकादायक वा जादा भरलेल्या नौकेतून माणसे नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कलम १०६ आहे. तक्रारीत या दोन्हींचा उल्लेख असावा. पैसे देऊन बोटीत बसलेला माणूस ग्राहकही असतो. तो किंवा त्याचे वारस दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात. घाटावर ‘आपल्या जबाबदारीवर बसावे’ अशी पाटी लावली म्हणून चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

बचावलेल्या मुलांकडे आपले फार दुर्लक्ष होते. डोळ्यांदेखत भाऊ गेलेले मूल आठवडाभरात खेळू लागले की ते विसरले असे आपण धरून चालतो. रात्री दचकणे, आंघोळीच्या पाण्याला भिणे, शाळेत गप्प राहणे हे दिसले तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. शाळेच्या सहलीत असे घडले असेल तर शिक्षकांनाही त्या आधाराची तितकीच गरज असते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे की नौकाविहाराचा ठेका वा परवानगी देताना जॅकेट आणि क्षमता यांच्याबरोबर अपघातानंतरची तयारी ही अट म्हणून लिहावी. काठावर दोर आणि फेकायच्या ट्यूब, बोट चालू असेपर्यंत पाण्यावर तयार असलेली दुसरी होडी, बसणाऱ्या प्रत्येकाचे, मांडीवरच्या मुलासह, नाव लिहिलेली वही जी बोटीत न जाता काठावर राहील, आणि श्वास देणे व छाती दाबणे शिकलेले किमान दोन कर्मचारी, एवढे नसेल तर बोट सुटू नये. २०२१ च्या देशांतर्गत नौकांच्या कायद्याने यांत्रिक नौकांना नोंदणी, तपासणी आणि विमा सांगितलेला आहे. हे तिन्ही कागद तिकीट खिडकीवर लावण्यास खर्च काहीच येत नाही. स्थानिक भोई आणि कोळी तरुणांना आरोग्य विभागाने प्राथमिक उपचारांचे आणि धुळ्याच्या प्रतिसाद दलाने बचावाचे प्रशिक्षण द्यावे, त्यांना ओळखपत्र, जॅकेट आणि बोलावले त्या दिवसाचे मानधन द्यावे. आज त्यांना मध्यरात्री उठवून पाण्यात उतरवले जाते आणि नंतर कोणी विचारत नाही.

हे सगळे राज्यभर होईल तेव्हा होवो. येत्या संक्रांतीपूर्वी भूषा, प्रकाशा, मुडावद आणि चांगदेव या स्नानाच्या ठिकाणी निदान एक फलक लागावा, त्यावर वर लिहिलेले क्रमांक, जवळच्या धरणाचा वा बॅरेजचा फोन आणि बुडालेल्याला श्वास कसा द्यावा याची चित्रे असावीत. तो मराठीबरोबर नर्मदाकाठी पावरी आणि भिलीतून, तापीकाठी अहिराणीतून वाचून दाखवण्याचे काम आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका आनंदाने करतील. त्यांना तसा आदेश मात्र डिसेंबर संपण्याआधी मिळायला हवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
शहादा, जि. नंदुरबार